न दुखणारा डाग : काही तापांचे निदान कसे होते



पावसाळा सरला की दरवर्षी निरनिराळ्या मंडळ्यांतून एकाच अर्थाची पत्रे येतात. मलेरियाच्या गोळ्या आहेत, डेंग्यूची तपासणी आहे, टायफॉइडला इंजेक्शने आहेत, मग मेळघाटातली धडधाकट माणसे नुसत्या तापाने का जातात? प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर दोन ओळींत मावत नाही. म्हणून या अंकात हा अभ्यासलेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. समाजकार्य करते आणि रुग्णांसोबत दवाखान्यात जाते, एसटीने, जीपने, कधी कोणाच्या ट्रॅक्टरवर. खाटेशेजारी बसून जे पाहिले, डॉक्टरांना विचारून जे समजले आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१५ साली या तापांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचना वाचून जे पडताळले, तेवढेच इथे सांगते.

आमच्याकडे तापाच्या रुग्णाचा प्रवास ठरलेला असतो. आशाताई बोटाला टोचून मलेरियाची पट्टी पाहते. निगेटिव्ह आली की पॅरासिटामॉल. दोन दिवसांनी ताप तसाच राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय किंवा बाजाराच्या गावातला खाजगी दवाखाना. तिथे रक्त काढतात, डेंग्यू, विडाल आणि पेशी पाहतात. त्यात धड काही सापडले नाही तर केसपेपरवर 'व्हायरल' असा शब्द येतो. विषाणूंचे ताप असतातच आणि त्यातले पुष्कळसे आपोआप बरेही होतात, तेव्हा तो शब्द दर वेळी चुकीचा असतो असे नाही. पण त्याच्या आडोशाला काही जिवाणूही लपून बसतात. त्यांच्यावर औषध आहे, ते स्वस्त आहे, आणि वेळेवर मिळाले नाही तर माणूस दुसऱ्या आठवड्यात हातचा जातो. त्यातल्या एकाविषयी मी सविस्तर लिहिणार आहे, दोघांविषयी थोडक्यात.

गवतातली अळी

पहिल्या आजाराचे नाव स्क्रब टायफस. टायफस आणि टायफॉइड ही नावे जुळी वाटतात, पण आजार वेगळे आणि त्यांची औषधेही वेगळी. 'स्क्रब' म्हणजे खुरट्या झुडपांचे रान. जिवाणूचे नाव मात्र जपानी वळणाचे आहे, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. त्सुत्सुगा म्हणजे आजार आणि मुशी म्हणजे किडा. जपानमधल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना हा किडा आणि त्याच्यामागून येणारा ताप फार पूर्वीपासून माहीत होता. दुसऱ्या महायुद्धात आसाम आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांत या तापाने हाहाकार केला. युद्ध संपल्यावर आपल्याकडे त्याचे नाव मागे पडले, आजार मात्र कुठेही गेला नव्हता. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत रुग्ण सापडू लागले, मृत्यू झाले, तेव्हा विदर्भातल्या वर्तमानपत्रांतून हे नाव घरोघरी पोचले.

हा जिवाणू माणसात येतो तो माइट नावाच्या बारीक जीवाच्या अळीमुळे. ही अळी एक मिलिमीटरहूनही पुष्कळ लहान, तांबूस रंगाची. नुसत्या डोळ्यांना दिसली तर धुळीच्या कणासारखी. मोठा झालेला माइट मातीत राहतो आणि माणसाच्या वाटेला जात नाही. फक्त अळीच्या अवस्थेत त्याला एकदा एखाद्या प्राण्याच्या अंगावर बसून खावे लागते. बहुधा तो प्राणी उंदीर असतो. गवत कापणारी बाई, गुरे चारणारा मुलगा किंवा बांधावर टेकलेला मजूर मध्ये आला तर अळी त्याच्या अंगावर चढते. ती डासासारखी रक्त पीत नाही. आपल्या लाळेने कातडीच्या पेशी विरघळवते आणि तो रस शोषते, दोन-चार दिवस एकाच जागी चिकटून. कातडी नाजूक आणि कपडा घट्ट असेल ती जागा तिला बरी पडते. माइटच्या मादीच्या शरीरातला जिवाणू तिच्या अंड्यांत उतरतो, त्यामुळे रानाच्या एखाद्या तुकड्यात हा आजार पिढ्यान्पिढ्या टिकून राहतो. माणसापासून माणसाला मात्र तो होत नाही. रुग्णाचे ताट, अंथरूण वेगळे करण्याचे काहीच कारण नाही.

अळी चावल्यापासून साधारण सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो. तोवर कोणत्या बांधावर बसलो होतो हे कोणाला आठवणार? थंडी वाजून भरपूर ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे, अंग मोडून येणे, कधी ओकाऱ्या, कधी पुरळ. ही सगळी लक्षणे मलेरियाची, डेंग्यूची आणि टायफॉइडचीही. पहिला आठवडा असा जातो. दुसऱ्या आठवड्यात जिवाणू बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरून त्यांना गळके करतो. मग फुप्फुसात पाणी, मूत्रपिंडावर ताण, डोळ्यांत पिवळेपणा, बडबड किंवा बेशुद्धी. त्या अवस्थेत पोचलेल्या माणसाला कावीळ, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर झाला असे घरचे समजतात, आणि दिसते तेही तसेच.

तपासणीत का सापडत नाही

जिवाणूचा आजार म्हटला की रक्त किंवा थुंकी घेऊन, त्यातला जंतू काचेच्या थाळीत वाढवून, त्याला ओळखणे ही नेहमीची रीत. हा जिवाणू तसा वाढत नाही. जिवंत पेशीच्या आतच त्याचा संसार. त्याला वाढवायला जिवंत पेशी आणि विशेष सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, त्यामुळे साध्या रुग्णालयात कल्चर 'काही वाढले नाही' असेच येणार. सूक्ष्मदर्शकाखालच्या नेहमीच्या रंगातही तो दिसत नाही. म्हणजे रुग्णाच्या रक्तात शत्रू आहे आणि अहवाल स्वच्छ आहे.

दुसरी अडचण विडालची. ही तपासणी १८९६ सालची. टायफॉइडच्या जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती मोजते. आपल्याकडे टायफॉइड इतका पसरलेला आहे की जुन्या आजारपणाची प्रतिद्रव्ये अनेकांच्या रक्तात असतात, आणि एकदाच केलेल्या विडालवरून आजचा ताप कशाचा हे सांगता येत नाही. तरीही खेड्यापाड्यांत विडाल पॉझिटिव्ह आली की टायफॉइड, हा हिशेब पक्का बसला आहे. मग जी इंजेक्शने सुरू होतात, बहुधा सेफ्ट्रायाक्झोन, ती टायफॉइडवर चांगली, स्क्रब टायफसवर निरुपयोगी. पाच दिवस सलाईन चालू असते, औषध चालू असते, पैसे जात असतात, आणि खऱ्या जंतूला कोणी हातही लावलेला नसतो.

या दोन तापांची गल्लत जुनी आहे आणि एकदा तिचा फायदाही झाला. १९४८ साली मलायातल्या क्वालालंपूरमध्ये अमेरिकन डॉक्टरांचे एक पथक क्लोरॅम्फेनिकॉल हे नवे औषध स्क्रब टायफसवर वापरून पाहत होते. औषध गुणकारी ठरले. स्क्रब टायफस समजून ज्यांना ते दिले होते त्यांच्यापैकी दोघांना प्रत्यक्षात टायफॉइड होता असे मागून कळले, आणि तेही सुधारत होते! टायफॉइडवरचे पहिले खात्रीचे औषध असे हाती आले. त्या वेळच्या अहवालाच्या लेखकांत मानकीकर हे नाव वाचून मला फार बरे वाटले होते. पुढे कितीतरी वर्षे टायफॉइड समजून क्लोरॅम्फेनिकॉल दिले तरी स्क्रब टायफसचा रुग्ण न कळत बरा होऊन जाई. अस्थिमज्जेवरच्या दुष्परिणामांमुळे ते औषध मागे पडले, त्याच्या जागी आलेली इंजेक्शने या जंतूवर चालत नाहीत, आणि ती आंधळी सोयही संपली.

खाटेभोवतीचा पडदा

ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव सांगत नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांतली गोष्ट. तिशीची एक कोरकू बाई, दोन लेकरांची आई. त्याच घरातला तिचा दीर पंधरा दिवसांपूर्वी तापाने वारला होता. त्याला कोणता आजार होता हे आता कधीच कळणार नाही. गावात मात्र घराला काही लागले आहे असे बोलणे सुरू झाले होते, आणि तिला ताप भरताच सासूने आधी भूमकाला बोलावले. त्यात मला नवल वाटत नाही. ज्या दवाखान्याने मुलाच्या मरणाचे कारण 'ताप' एवढेच सांगितले, त्याच्यावर त्या माउलीने किती विश्वास ठेवावा?

आम्ही पोचलो तो तापाचा नववा दिवस. मलेरिया निगेटिव्ह, विडाल पॉझिटिव्ह. एका दवाखान्यात चार दिवस इंजेक्शने झाली होती. आता पेशी कमी झाल्या होत्या आणि तिला धाप लागत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री दाखल केले. वॉर्ड भरलेला, एका खाटेवर दोघी, समोर कोणाचे ना कोणाचे नातेवाईक. सकाळच्या फेरीला डॉक्टरांनी छाती तपासली, पोट दाबून पाहिले, आणखी रक्त लिहून दिले. दुपारी एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली. तिने सिस्टरकडून घडीचा पडदा मागून घेतला, खाटेभोवती लावला, मला आणि सासूला आत थांबवून घेतले आणि बाईला म्हणाली, "ताई, सगळं अंग पाहू दे मला. कान, काखा, जांघा, पाठ, सगळं." टॉर्च घेऊन ती केसांच्या मुळांपासून सुरुवात करून खाली आली. परकराच्या नाडीखाली, कमरेच्या डाव्या बाजूला, मसुरीच्या डाळीएवढी काळी खपली होती, भोवती लालसर कडे, विडीचा चटका बसावा तशी. आणि डाव्या जांघेत अवधाण आलेले.

सासू लगेच म्हणाली, तो चटका भूमकाचा नाही, त्याने तर पोटावर दिले. खरेच पोटावर गरम विळ्याचे दोन डाग होते, सकाळच्या फेरीत सगळ्यांना दिसलेले. तिसरा डाग कोणाला दिसला असता तरी त्यातच मोजला गेला असता.

डॉक्टर मुलीने विचारले, हे कधीपासून आहे, सांगितले का नाही? बाईने मान वळवून उत्तर दिले, "दुखत नव्हतं, मंग काऊन सांगू?"

रक्ताचा नमुना पुढे पाठवला, पण अहवालाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी डॉक्सिसायक्लिन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. धाप जायला आठवडा लागला. अहवाल पाचव्या दिवशी पॉझिटिव्ह आला, तेव्हा ती खाटेवर बसून चहात पाव बुडवून खात होती.

धर्मशिक्षणाच्या वर्गात लेवीयच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आम्ही घाईघाईने उरकला होता. याजकाने कातडीवरचा डाग पाहावा, खात्री नसेल तर सात दिवस थांबून पुन्हा पाहावा, कोठे खोल आहे, कोठे पसरला आहे. कंटाळवाणे वाटले होते. आता वॉर्डात तो अध्याय मला अनेकदा आठवतो. पाहणे, थांबणे आणि पुन्हा पाहणे, एवढेच त्यात किती तपशिलाने सांगितले आहे.

खपली आणि तिच्यानंतरच्या तपासण्या

ही खपली म्हणजे अळी चिकटली होती ती जागा. ती सापडली तर निदान जवळजवळ झालेच. पण ती सगळ्यांच्या अंगावर नसते. काही ठिकाणच्या रुग्णांत निम्म्याहून अधिकांना आढळली, काही ठिकाणी दहात एकालाही नाही. नसणे आणि न शोधणे यांतला फरक आकड्यांत दिसत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. काखेत, जांघेत, स्तनाखाली, जननेंद्रियावर, कानामागे, कमरेच्या घडीत ती दडते. घामाने ओल्या राहणाऱ्या जागी ती काळी नसते, वरची साल निघून नुसता फिकट, ओलसर व्रण दिसतो. सावळ्या कातडीवर भोवतीचा लालपणा उमटत नाही. आणि ती दुखत नाही, खाजत नाही. रुग्णाची तक्रार ऐकून निदान करायचे म्हटले तर ही खूण तक्रारीत येतच नाही. ती पाहणाऱ्याने पाहावी लागते.

खपली नसेल तेव्हा रक्त. सर्वात जुनी तपासणी १९१६ ची, वाइल आणि फेलिक्स या दोघांच्या नावाची. तिची युक्ती मोठी गमतीची आहे. खरा जंतू हाताळणे अवघड, म्हणून त्याच्याशी चेहरा जुळणारा प्रोटियस नावाचा दुसराच साधा जंतू घ्यायचा आणि रुग्णाचे रक्त त्याच्याशी गुठळी करते का ते पाहायचे. चोराला न पाहिलेल्या साक्षीदाराला त्याच्या चुलतभावाचा फोटो दाखवण्यासारखे. स्वस्त आहे, पण पुष्कळ रुग्ण तिच्यातून निसटतात. आज भरवसा ठेवतात तो आयजीएम एलायझा या तपासणीवर. प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळ लागत असल्याने पहिल्या चार-पाच दिवसांत तीही निगेटिव्ह येऊ शकते, आणि एकदा आलेली निगेटिव्ह म्हणजे सुटका नव्हे. उलट मागच्या हंगामात आजार होऊन गेलेल्याच्या रक्तात ही प्रतिद्रव्ये काही महिने राहू शकतात. पहिल्या आठवड्यासाठी पीसीआर ही जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी चांगली. तिच्यासाठी रक्तापेक्षा खपलीचा तुकडा अधिक उपयोगी. म्हणून खपली काढून टाकू नका, तिच्यावर हळद लावू नका, असे आम्ही आता गावात सांगतो.

या सगळ्या तपासण्या मोठ्या रुग्णालयांत होतात आणि अहवालाला दिवस लागतात. म्हणून परिषदेच्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की संशय पक्का असेल तर अहवालासाठी औषध थांबवू नये. डॉक्सिसायक्लिन ही काही रुपयांची गोळी, गरोदर बाईसाठी अझिथ्रोमायसिन. बहुतेक रुग्णांत ताप ४८ तासांत उतरू लागतो. उतरला नाही तर डॉक्टर दुसरे कारण शोधतात, म्हणजे औषधाचा परिणाम हीसुद्धा एक प्रकारची तपासणीच. हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. पण डॉक्टरांना "स्क्रबचा विचार करता येईल का?" एवढे नम्रपणे विचारायला कोणाची हरकत नसावी.

अगदी गंभीर रुग्णांविषयी एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपल्यातल्या अनेक कुटुंबांना परिचित असलेले वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज त्यात पुढे होते आणि भारतातल्या सात रुग्णालयांतले सुमारे ८०० रुग्ण त्यात होते. शिरेतून एकच औषध दिलेल्या गटांत मृत्यू, टिकून राहिलेली गुंतागुंत किंवा न उतरलेला ताप यांपैकी काहीतरी शंभरातल्या ४७-४८ जणांच्या वाट्याला आले. दोन्ही औषधे एकत्र दिलेल्या गटात ते प्रमाण ३३ होते.

आणि गोरखपूर. उत्तर प्रदेशातल्या त्या भागात दर पावसाळ्यात मेंदूज्वराने मुले दगावत होती, शेकड्यांनी, वर्षानुवर्षे. जपानी मेंदूज्वराची लस आली, तो आजार कमी झाला, तरी वॉर्ड भरतच राहिले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसह अनेक संस्थांनी शोध घेतला. २०१५ च्या सुमारास तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात स्क्रब टायफसच्या खुणा सापडल्या. सगळे जण विषाणू शोधत असताना कारण एक जिवाणू होता, आणि त्याचे औषध आरोग्य केंद्राच्या कपाटात होते. त्यानंतर ताप आलेल्या मुलांना सुरुवातीलाच डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन देण्याकडे तिथे लक्ष दिले जाऊ लागले.

आणखी दोघे

वाइल हे नाव लेप्टोस्पायरोसिसच्या बाबतीतही येते, पण ते वाइल वेगळे, १८८६ साली कावीळ आणि मूत्रपिंडाच्या आजारासह येणाऱ्या तापाचे वर्णन करणारे जर्मन डॉक्टर. कोकणातल्या, पालघरच्या आणि मुंबईच्या वाचकांना हा आजार माहीत आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून जिवाणू चिखलात येतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून आत शिरतो. भातलावणी करणाऱ्याचे पाय दिवसभर त्याच पाण्यात. इथे निदानाची गुरुकिल्ली म्हणजे किती दिवसांचा ताप आहे हे नेमके सांगणे. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो, नंतर लघवीत, आणि प्रतिद्रव्यांची तपासणी पहिला आठवडा सरताना उपयोगी पडू लागते. दिवस चुकीचा सांगितला की योग्य तपासणीही चुकीच्या वेळी होते. दुखणे कुठे आहे हेही सांगावे. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, आणि डोळे लाल होतात पण त्यांना पू येत नाही.

दुसरा मेलिऑइडोसिस. १९११-१२ च्या सुमारास रंगूनमध्ये व्हिटमोर या डॉक्टरने प्रथम ओळखलेला. हा जिवाणू भातखाचरांच्या मातीत आणि पाण्यात राहतो. मधुमेह असलेल्यांना तो विशेष गाठतो. फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत, सांध्यांत पू करतो आणि पुष्कळदा हुबेहूब क्षयासारखा दिसतो. हा मात्र साध्या कल्चरमध्येही वाढतो. अडचण अशी की पाहणारा त्याला एखादा सामान्य, बाहेरून मिसळलेला जंतू समजून बाजूला टाकू शकतो. त्याच्यावर सुरुवातीला शिरेतून भारी औषधे आणि मग काही महिने गोळ्या, अशी दीर्घ चिकित्सा लागते. थुंकीत क्षयाचे जंतू कधीच सापडले नाहीत, साखर वाढलेली आहे, शेतात काम आहे, क्षयाच्या गोळ्या महिनोन्महिने चालू आहेत आणि ताप हटत नाही, असा कोणी आपल्या ओळखीत असेल तर पुवाचे कल्चर झाले का हे जरूर विचारावे.

मच्छरदाण्या पाठवू का, असे अनेकांनी विचारले आहे. पाठवाव्यात, मलेरिया काही गेलेला नाही. पण माइटच्या अळीला मच्छरदाणी अडवत नाही. तिच्यासाठी अंगभर कपडे, गवतावर थेट न बसणे, काढलेले कपडे झुडपावर न टाकणे, रानातून आल्यावर साबणाने अंग चोळून अंघोळ आणि घराभोवतीचे गवत कापणे एवढेच उपाय आहेत. अंघोळीचे पाणी डोक्यावरून आणावे लागते तिथे त्यातला चौथा उपाय सांगताना माझी जीभ अडखळते. वस्तूरूपाने मदत करायची असेल तर घडीचे पडदे आणि चांगले टॉर्च द्या. महागडी यंत्रे मागणारी पत्रे तुम्हाला पुष्कळ येत असतील. आम्ही ज्या ग्रामीण वॉर्डांत जातो, तिथे बाईला आडोसा मिळाला तरच तिचे सगळे अंग तपासता येते.

रुग्णासोबत देण्यासाठी आम्ही एक चिठ्ठी तयार केली आहे. तापाचा पहिला दिवस कोणता, बाजाराच्या वारावरून मोजून. गेल्या तीन आठवड्यांत गवत कापले, गुरे चारली की चिखलात उभे राहून काम केले. कोणती इंजेक्शने झाली, त्यांच्या रिकाम्या बाटल्या सोबत. भूमकाने डाग दिले असतील तर कुठे आणि किती, म्हणजे वेगळा डाग वेगळा कळेल. पाचवा प्रश्न 'अंगावर न दुखणारा डाग आहे का' असा लिहायचा होता. मसुदा वाचून दाखवला तेव्हा बचत गटातल्या बायका हसल्या. त्यांचे म्हणणे, न दुखणाऱ्याची आठवण कोणाला राहते, त्यापेक्षा अंघोळ करताना हाताला कुठे खपली लागली का ते विचारा. तसेच छापले आहे.